पिस्तूल किती वेळा पुसायचं

पिस्तूल किती वेळा पुसायचं, हे साऱ्या अमरावतीत माझ्याइतकं कोणाला कळत नव्हतं. माझे मालक सोडून. आणि खरं सांगते, नळीच्या बाबतीत त्यांनाही माझाच डोळा लागायचा. आता कोणी म्हणेल, बाई फुशारकी मारते. मारते तर मारते! लोणच्या-पापडांची फुशारकी मारणाऱ्या बायका मी जन्मभर ऐकून घेतल्या, माझं एवढं एक ऐका.

मी अकोटकडची. माहेरी काळी जमीन, कपाशीची पऱ्हाटी, ज्वारी आणि हिवाळ्यात निळ्या फुलांचा जवस. लग्न होऊन अमरावतीला आले तर घर निघालं बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि अंगण. बंदूक मला नवी नव्हती. वडिलांकडे रानडुकरांसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती आणि तिला दर दिवाळीला जवसाचं तेल चोळायचं काम माझं होतं. पण इथे रोज कोणाच्या ना कोणाच्या बंदुकीची आतडी बाहेर काढून फडक्यावर मांडलेली असायची. चहाचा पेला ठेवायलाही जागा सापडत नसे.

मालक माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. कानस मारून मारून डोळे कायम चुरचुरायचे. लग्नाला सहा महिने झाले असतील, एक दिवस त्यांनी दुकानातूनच हाक मारली, "इकडे ये वो जरा. यातून पाह्य." हातात नुसती नळी. मी दाराच्या उजेडाकडे धरून डोळा लावला.

"काय दिसते?"

"उजेड."

"अजून?"

"डाव्या अंगाले करडी रेघ हाय. बारीक. सुरुवातीलेच हाय, पुढं नाई."

त्यांनी दोनदा पाहिलं, त्यांना दिसेना. मग पितळी ब्रश घालून त्या जागी खरवडलं, तर शिशाची पापडी निघून फडक्यावर पडली. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आतापासून नळ्या तूच पाहायच्या." झालं. त्या दिवसापासून मी स्वयंपाक आटोपून दुकानाच्या आतल्या दाराशी बसू लागले. शेजारच्या बायका विचारायच्या, भीती नाही वाटत? मी म्हणायची, रिकाम्या नळीची कसली भीती, तुमच्या सासूची वाटते मला.

पुढे लढाई लागली, ती मोठी, आणि विलायती काडतुसं येईनाशी झाली. ज्यांच्याकडे हत्यारं होती ते परवानेवाले हात चोळत बसले. तेव्हा मालकांनी शिशाच्या गोळ्या ओतून जुनी काडतुसं पुन्हा भरून द्यायची परवानगी काढली. भरण्याचं काम ते एकटे करत, तिथे मलाही हात लावू देत नसत. पण ओतायचं काम दोघांचं. मागच्या अंगणात चूल, चुलीवर लोखंडी कढई, कढईत शिसं. नुसतं शिसं मऊ पडतं, नळीला चिकटतं. म्हणून मालक छापखान्यातले झिजलेले अक्षरांचे खिळे आणून त्यात घालायचे. त्यानं गोळी कडक व्हायची. वरून मेणाचा हात. ते मेण धारणीच्या बाजारातून यायचं, मेळघाटातल्या मधमाश्यांचं. साच्यातून गोळ्या पडल्या की निवडायला मी बसायची. सुरकुती दिसली, काठ मोडका दिसला की परत कढईत. शंभरात वीस तरी मी परत टाकायची. मालक चिडायचे, "अवं, किती टाकतं!" मी म्हणायची, तांदळात खडा चालते काय तुमाले?

शिशाबद्दल मात्र त्यांना कोणी एक शब्द बोललेला खपत नसे. छापखानेवाल्यानं एकदा माती लागलेले खिळे दिले तर दुकानात उभं राहून त्याची अशी काही हजेरी घेतली की तो पुढच्या वेळी खिळे धुऊन घेऊन आला.

या सगळ्या गिऱ्हाइकांत एक वकील होते. गावाबाहेर त्यांची संत्र्याची बाग. त्यांच्याकडे आपोआप भरणारं पिस्तूल होतं. एकदा घोडा दाबला की गोळी सुटते, वरचं लोखंडी झाकण मागे सरकतं, रिकामं काडतूस बाहेर फेकतं आणि पुढे येता येता नवं काडतूस आत घेतं. मोठं देखणं यंत्र. पण त्याची एक खोड आहे. ठासणीची बंदूक मळली तरी उडते. हे झाकण मात्र दोन बारीक पट्ट्यांवर सरकतं, तिथे जरा काही दाटलं की रुसून बसतं.

वकील दर रविवारी निशाणबाजी करायचे आणि दर आठ गोळ्यांनंतर नळीत गज घालून घासायचे. तेही तोंडाकडून. गज घासून घासून नळीचं तोंडच झिजू लागलं होतं. मालकांना ते कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "वकीलसाहेब, तुमी दिवसातून किती डाव आंघोळ करता?"

"एकदा."

"मंग त्याले काहून आठ डाव घालता?"

वकील हसले, पण घरी जाऊन पुन्हा तेच. शेवटी मीच आतल्या दारातून सांगितलं, "झाकनाच्या पट्ट्या जवा पिस्तूल चालवाल तवा पुसा. काजळी काढा, शिवनयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्या, बस. नळी पुसाच्या आंधी पाहा. काळं असन त चिंधी फिरवा. करडं दिसन त खरवडा. काहीच नाई दिसलं त हात बांधून बसा." वकिलांनी ते आपल्या डायरीत लिहून घेतलं. एवढा कोर्ट गाजवणारा माणूस माझं बोलणं लिहून घेतो! त्या दिवशी माझी भाकरी टम्म फुगली, आणि मीही.

मग नागपूरहून नवे साहेब आले. हत्यारांच्या परवान्यांचं काम त्यांच्याकडे. पुण्याकडचे, गोरेघारे, बोलणं मऊ आणि हुकूम कडक. त्यांचं म्हणणं, ओतीव शिशाच्या गोळ्यांनी नळ्या बुजतात, पिस्तुलं अडकतात, परवानगी काढून घ्यावी. मालकांनी अर्जावर अर्ज केले. दुकानाचं निम्मं काम तेव्हा या गोळ्यांवर होतं, ते गेलं असतं तर कुलपं-छत्र्या दुरुस्त करायची वेळ आली असती. पण त्याहून जास्त त्यांना लागलं होतं ते दुसरंच. आपलं शिसं न बघता कोणी त्याला वाईट म्हणतो, याची त्यांना आग होत होती. जेवताना घास हातात धरून ते साहेबाशी भांडायचे, आणि साहेब तिकडे नागपुरात.

वकिलांनी मध्यस्थी केली. साहेबांचा मुक्काम अकोल्याला पडणार होता, तिथे चाचणी ठरली. वकिलांचं पिस्तूल, आमच्या दोनशे गोळ्या, मधे एकदाही पुसायचं नाही. झाकण गोळ्यांमुळे एकदा जरी अडकलं तरी परवानगी रद्द.

मालकांनी आठ दिवस दुसरं काम घेतलं नाही. मी गोळ्या निवडल्या. दोनशे सांगितल्या होत्या, मी अडीचशे केल्या. माहेरची सवय, पाहुणे धरून स्वयंपाक करायचा. चाचणीच्या तीन दिवस आधी मालकांनी पिस्तूल पुसून, जोडून माझ्या हाती दिलं आणि म्हणाले, "याच्या लाकडी मुठीले जवसाचं तेल लाव अन् ठेवून दे."

आता ऐका माझं शहाणपण. मुठीला तेल लावलं. लाकूड असं खुललं की काय सांगू! आणि त्या लाकडाशेजारी ते लोखंड मला रोडकं, कोरडं वाटायला लागलं. साहेबासमोर जाणार, नागपूरच्या साहेबासमोर! माहेरी आम्ही बंदुकीचं लाकूड, लोखंड, सगळंच जवसानं चोळायचो. गाडीचं जू जवसानं, दाराची चौकट जवसानं. जवसानं कधी कोणाचं वाईट केलंय? मी झाकण मागे ओढून त्या दोन्ही पट्ट्यांवरही तेलाचं बोट फिरवलं. छान दोन-तीनदा. चमकलं. मी खूश होऊन ते कापडात गुंडाळून ठेवलं आणि कोणाला काही बोलले नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

वैशाख होता. वकील, मालक आणि मी असे बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला उतरलो. मला नेण्याचं कारण नव्हतं, पण गोळ्या मी निवडलेल्या, मी घरी बसणार होते थोडीच! पोलिसांच्या मैदानाच्या टोकाला मातीचा बांध होता, त्यापुढे निशाण. मला लिंबाच्या सावलीत बसवलं. साहेब खुर्चीवर, शेजारी एक शिपाई गोळ्या मोजायला. वकील उभे राहिले आणि सुरुवात झाली.

पिस्तुलात सरकवायच्या आठ-आठ गोळ्यांच्या पहिल्या डब्या सटासट रिकाम्या झाल्या. माझं बोट प्रत्येक आवाजाला मांडीवर पडत होतं. तिसाव्या गोळीपासून झाकण जरा आळसावल्यासारखं वाटलं. चौतिसाव्या गोळीला ते मागे गेलं आणि परत येताना अर्ध्यात थांबलं. वकिलांनी ढकललं, जाईना.

"अडकलं," साहेब म्हणाले. "मी म्हटलंच होतं."

मालक पुढे झाले. आधी पिस्तूल रिकामं केलं, मग झाकण जोर लावून काढलं. पट्टीवरून अंगठा फिरवला, अंगठा बोटाला टेकवून सोडवला, मग ते बोट नाकाशी नेलं. आणि मान वळवून लिंबाकडे, माझ्याकडे, एकदाच पाहिलं. रागानं नाही. त्यांना काय कळलं ते मला तेव्हाच कळलं. जवस! उन्हाळ्यानं तीन दिवसांत वाळून डिंक झालेला, वर गोळ्यांची काजळी बसलेली.

मालकांनी बोट धोतराला पुसलं आणि साहेबांना म्हणाले, "या खेपेचं शिसं खराब निघालं साहेब. तुमचं बरोबर हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. हा माणूस! ज्यानं आपल्या शिशासाठी साऱ्या गावाशी वैर धरलं, तो भर मैदानात आपल्याच तोंडानं म्हणतो शिसं खराब! साहेबांनी दौत मागवली.

मी उठले. पदर खोचला आणि चालत मैदानाच्या मधे गेले. मालक डोळ्यांनी खुणावत होते, परत जा, परत जा. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

"साहेब, लिहू नका," मी म्हटलं. "शिशाले काही झालं नाई. त्या पट्ट्याईले म्या जवसाचं तेल लावलं. मूठ चोळाले सांगतली होती, म्या लोखंडई चोळलं. त्यायले मालूम नोतं. चूक माई हाय."

साहेब खुर्चीत मागे सरकले. वकिलांकडे वळून हळूच म्हणाले, "या बाई माझ्यावर रागावल्या आहेत का?"

"नाही साहेब," वकील म्हणाले, "इकडे असंच बोलतात."

रागावले तर मी होतेच, पण साहेबावर नाही. माझ्या स्वतःच्या बोटांवर.

"बाई," साहेब म्हणाले, "नवऱ्याला वाचवायला तुम्ही हे बोलत असाल, ते मी समजू शकतो. पण—"

"वाचवाले काहून? नळी घ्या अन् पाहा ना! शिसं सुटलं असन त नळीत दिसन. झाकनाच्या पट्टीवर शिसं कुठून येईन? अन् त्या पट्टीले बोट लावून पाहा, चिकटते काय. वास घ्या."

शिपाई माझ्याकडे असा बघत होता की आता हिला हातकडी घालावी लागणार. साहेब मात्र उठले. नळी हातात घेतली, आकाशाकडे धरली, बराच वेळ पाहिलं. मग पट्टीला बोट लावलं, नाकाशी नेलं.

"दाराच्या रंगाला हाच वास येतो," ते म्हणाले.

"हाव. तेच तेल. लाकडाले चांगलं, याले वाईट. आता कळलं मले."

साहेबांनी मालकांना विचारलं, "तुम्हाला वास आला नव्हता?" मालकांनी खाली वाकून पिशवीची गाठ सोडायला घेतली. साहेबांनीही पुन्हा विचारलं नाही. थोडा विचार करून ते म्हणाले, "ठीक. नळीला हात लावायचा नाही. फक्त या पट्ट्या पुसा, इथे, माझ्यासमोर. आणि मोजणी पहिल्यापासून. चौतीस गोळ्या धरणार नाही."

मालकांनी पिशवीतून चिंध्या काढल्या, पण मी त्यांच्या हातातून घेतल्या. माझी घाण, मीच काढणार. शिपायाच्या खोलीतल्या कंदिलातलं घासलेट मागून घेतलं आणि उन्हात, चार पुरुषांसमोर, मांडी घालून बसले. डिंक सुटेना. मी नखानं उकरला, घासलेटनं भिजवला, पुन्हा पुसला. चिंधी पांढरी निघेपर्यंत पुसलं. घामानं कुंकू नाकापर्यंत आलं होतं, येऊ दे. मग शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. झाकण बसवून मागे ओढलं, सोडलं. खट्! तो आवाज ऐकून वकिलांच्या मिशीत हसू आलं.

आणि मग दोनशे. ऊन चढत गेलं, वकिलांनी दोनदा पाणी मागितलं. पिस्तुलानं मागितलं नाही. शिपाई दर डबीला मोठ्यानं आकडा सांगायचा, आणि शेवटी तोच सगळ्यांच्या आधी ओरडला, "दोनशे पुरे झाले साहेब!" आधीच्या चौतीस धरून त्या नळीतून आमच्या दोनशे चौतीस गोळ्या गेल्या, एकदाही गज न लावता. साहेबांनी पुन्हा नळी आकाशाकडे धरली. मग ती माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुम्हीच सांगा बाई, काय दिसतं?"

मी पाहिलं. खरं तेच सांगितलं. "सुरुवातीले करडी रेघ धरून राहिली हाय. केसाएवढी. अजून पन्नास चालतील, मंग खरवडावं लागन."

साहेब हसले. म्हणाले, "काहीच नाही दिसत, असं तुम्ही म्हणाल्या असत्या तर मी सही केली नसती. मलाही ती रेघ दिसली." आणि तिथेच कागद गुडघ्यावर ठेवून परवानगी कायम केली. वऱ्हाडातल्या कोणत्या बाईच्या शब्दावर सरकारी सही झाली असेल तेव्हा? मला तरी दुसरी माहीत नाही.

परतीच्या गाडीत वकील कोपऱ्यात पेंगत होते. मालक खिडकीशी, मी समोर. बोरगाव गेलं, मूर्तिजापूर गेलं, तरी ते काही बोलेनात. मला वाटलं, आता बोलतील, मग बोलतील. चांगले चार शब्द सुनावले असते तरी मला बरं वाटलं असतं. शेवटी मलाच राहवलं नाही.

"रागावले काय?"

"नाई."

"तुमाले वासानंच कळलं होतं ना, कोनाचं काम हाय ते?"

"हाव."

"मंग शिसं खराब हाय, असं काहून म्हनले? सारं दुकान गेलं असतं ना!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही खुळ्यासारखं विचारलं.

"मंग काय म्हनू?" ते म्हणाले. "चार मानसाईत, बायको खराब हाय म्हनू?"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. डोळ्यांतून जे पाणी यायला लागलं ते थांबेचना, आणि बाहेर रखरखीत काळी रानं पळत होती. बडनेरा येईपर्यंत मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. गाडी थांबायला लागली तेव्हा पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, "पुन्हा कधी असं म्हनाल त पाहा. आपलं शिसं चांगलं हाय."

"मालूम हाय मले," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून आधी मला उतरू दिलं.